'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'चा शेवट बघून डोकं फिरलं? मग बरोबर बघितलात

प्रश्न आलाय तो थोडक्यात असा: "काल रात्री 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' बघितला. दीड तास श्वास रोखून बसलो आणि मग हिरो मेला, तोही कसा ते न दाखवता. व्हिलन आरामात चालत निघून गेला, पैशांचं काय झालं कळलं नाही, आणि शेवटी म्हातारा शेरीफ बायकोला स्वप्न सांगतो आणि खेळ खल्लास. याला चार ऑस्कर? अक्कल आम्हाला नाही की देणाऱ्यांना?"

दोघांनाही आहे. जरा सविस्तर सांगतो, चहा घेऊन बसा.

मी साउंडचं काम करतो, मुंबईत, बावीस वर्षं झाली. सिरियल, जाहिराती, मराठी-हिंदी सिनेमे, जे येईल ते. त्यामुळे पडद्यावर कोण काय बोलतंय याच्या आधी मागे पंखा किती नंबरवर फिरतोय ते मला ऐकू येतं, घरच्यांना याचा प्रचंड वैताग आहे. हा सिनेमा मी पोरांना शिकवताना दाखवतो, आणि आमच्या गावाकडच्या फिल्म सोसायटीत दोनदा लावलाय, म्हणजे लोक हा बघून काय बोलतात हे मी निदान दहा-बारा वेळा तरी समोर बसून ऐकलंय. तुमची तक्रार दर वेळी येते, शब्दही साधारण हेच असतात.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो, आणि पुढे सगळंच फोडणार आहे, तेव्हा बघायचा असेल तर इथूनच मागे फिरा. १९८० साल, पश्चिम टेक्सास, मेक्सिकोच्या हद्दीला लागून असलेला उजाड माळ. लुएलिन मॉस म्हणजे जॉश ब्रोलिन, वेल्डर, व्हिएतनामहून आलेला सैनिक. शिकारीला गेलेला असताना त्याला ड्रग्जचा फिसकटलेला सौदा सापडतो, गाड्या, प्रेतं, मेलेला कुत्रा, आणि लांब एका झाडाखाली मेलेला माणूस आणि वीस लाख डॉलरची बॅग. बॅग उचलतो. त्याच्या मागावर अँटन शिगर, हावियेर बार्देम, हातात कत्तलखान्यात गुरांच्या कपाळाला टेकवतात ती हवेच्या दाबाची नळी, सोबत सिलिंडर. आणि या दोघांच्या मागे, कायम एक पाऊल उशिरा, शेरीफ एड टॉम बेल, टॉमी ली जोन्स. कॉर्मॅक मॅकार्थीची २००५ ची कादंबरी, कोएन बंधूंनी २००७ मध्ये सिनेमा केला, आणि २००८ च्या ऑस्करला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, आधारित पटकथा आणि बार्देमला सहाय्यक अभिनेता, अशी चार बाहुली घेऊन गेले.

आता माझी स्वतःची पहिली प्रतिक्रिया सांगतो म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. २००८ मध्ये स्टुडिओत रात्रीचं काम संपल्यावर आम्ही तिघं डीव्हीडी लावून बसलो होतो. बेल स्वप्न सांगतो, म्हणतो की मग मला जाग आली, आणि पडदा काळा. आमच्यातला एक उठला, डिस्क बाहेर काढली, शर्टाला पुसली आणि परत घातली. त्याला वाटलं स्क्रॅच आहे. आजकालची पोरं नेट गेलं समजून फोन बघतात, तेवढाच फरक. आणि मी, जो साउंडवाला म्हणून मिरवत होतो, मी काय म्हणालो माहितीये? "एवढं तापवून भाकरी टाकलीच नाही." म्हणजे तुमच्याच पंगतीत बसलो होतो.

मत बदललं ते वर्षभराने, दुसऱ्यांदा हेडफोन लावून बघितला तेव्हा, आणि तेही कथेमुळे नाही, कानामुळे.

पहिली गोष्ट म्हणजे या १२२ मिनिटांच्या सिनेमात संगीत जेमतेम सोळा मिनिटं आहे, आणि त्यातलं बरंचसं शेवटच्या नावांखाली. कार्टर बरवेल हा कोएनांचा नेहमीचा संगीतकार, त्याने इथे जवळपास हात बांधून काम केलंय. तुम्ही दीड तास श्वास रोखून बसलात म्हणता ना, ते व्हायोलिनशिवाय बसलात हे लक्षात आलं का? बहुतेकांना येत नाही. मी स्क्रीनिंगनंतर मुद्दाम विचारतो, "म्युझिक कसं वाटलं?" आणि अर्धा हॉल म्हणतो, "जबरदस्त होतं सर!"

पेट्रोल पंपाचा सीन घ्या. म्हातारा पंपवाला गप्पा मारायच्या म्हणून शिगरला विचारतो, तुमच्याकडे पाऊस वगैरे आहे का, बस्स एवढंच, आणि तिथून विषय असा घसरत जातो की शेवटी शिगर नाणं उडवून म्हणतो, बोल, छापा की काटा. कशासाठी बोलायचं हे सांगत नाही. मधे तो खाऊन झालेल्या पाकिटाचा चुरगळलेला कागद काउंटरवर ठेवतो, आणि तो कागद हळूहळू उलगडत जातो, चुर्र, चुर्र, क्लोजअपमध्ये. त्या कागदाला जेवढी जागा दिलीये तेवढी आमच्याकडे हिरोच्या एन्ट्रीला मिळते. नाणं १९५८ चं आहे, बावीस वर्षं प्रवास करून इथे आलंय म्हणतो. आणि या सगळ्याच्या खाली एक बारीक घरघर आहे, सीन चढतो तशी वाढते, नाण्याचा निकाल लागला की उतरते. ती बरवेलची करामत. फ्रिजच्या आवाजाशी म्हणजे ६० हर्ट्झशी (सेकंदाला ६० कंपनं) जुळवून त्याने तो सूर लावलाय, त्यामुळे कानाला वाटतं दुकानातला फ्रिज चालू आहे, आणि पोटात मात्र गोळा येत जातो. (आपल्याकडे लाईट ५० हर्ट्झची, म्हणून आपले फ्रिज थोडे खालच्या पट्टीत रडतात. असो.) हाच सीन आमच्या टेबलवर आला असता तर प्रोड्युसर पाठीमागून म्हणाला असता, "इथे काहीतरी टेन्शन टाका यार, सुनं वाटतंय", आणि आम्ही मुकाट्याने ढुम् ढुम् हार्टबीट टाकला असता, वर दोन स्ट्रिंग्ज. कितीदा टाकलाय, खोटं कशाला बोलू.

आता हॉटेलचा सीन, आणि हा नीट वाचा कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे लपलंय. ईगल पासमधलं जुनं हॉटेल, रात्र. मॉसला नोटांच्या गड्डीत लपवलेला ट्रान्सपाँडर, म्हणजे बॅग कुठे आहे ते कळवणारं यंत्र, सापडतो, म्हणजे शिगर कुठल्याही क्षणी येणार. तो खालच्या डेस्कला फोन लावतो. रिसीव्हरमध्ये रिंग वाजतेय, आणि तीच रिंग खालच्या मजल्यावरून, लांबून, दारापलीकडून ऐकू येतेय. कोणी उचलत नाही. डेस्कवर माणूस होता ना मघाशी? तुम्हाला प्रेत दाखवलेलं नाही, रक्त नाही, फक्त न उचललेला फोन. मग मॉस दिवा घालवतो आणि बंदूक घेऊन पलंगावर बसतो. पावलं. दाराखालच्या फटीत प्रकाशाची पट्टी, त्यात दोन पायांची सावली. सावली निघून जाते. मग कॉरिडॉरमधून कुरकुर, अगदी बारीक, बल्ब पिळून काढताना होते तशी, आणि पट्टी विझते. त्यानंतरची शांतता मी मिक्सिंग म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायला शिकणाऱ्या पोरांना दहादा ऐकवतो, कारण ती रिकामी नाहीये, त्यात खोली आहे, अंतर आहे, मॉसचा श्वास आहे. मग कुलूपाचा तुकडाच उडून येतो. आवाजाचं हे काम स्किप लीव्हसे आणि त्याच्या टीमचं, साउंडच्या दोन्ही विभागांत ऑस्कर नामांकन होतं, मिळालं नाही, याचं मला अजूनही दुःख आहे.

तर मुद्दा असा की या सीनमध्ये आपण कोणाच्या कानांनी ऐकतोय? मॉसच्या. तो खोलीत आहे, आपणही खोलीत. त्याला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही. दीड तास सिनेमा आपल्याला हीच सवय लावतो, की बाबा रे, कान टवकार, तरच वाचशील.

आणि मग एल पासो. तुम्ही ज्यावर चिडलात तो सीन. मॉस मोटेलवर, स्विमिंग पूलजवळ बसलेली एक बाई त्याला बिअरला बोलावते, हलकंफुलकं बोलणं, आणि सीन संपतो. पुढच्या सीनला आपण बेलच्या गाडीत आहोत. तो मोटेलकडे येतोय आणि लांबून गोळ्यांचे आवाज येतात. लांबून! एक पिकअप सुसाट निघून जाते. बेल पोचतो तेव्हा लोक ओरडतायत, पूलमध्ये ती बाई मेलेली, आणि खोलीच्या दारात मॉस पडलाय. खेळ आटोपला. आपले कान मॉसकडून काढून घेतले आणि बेलच्या डोक्याला लावले, न विचारता, आणि बेल उशिरा पोचणारा माणूस आहे म्हणून आपणही उशिरा पोचलो.

म्हणून म्हणतो तुम्ही बरोबर बघितलात. तुम्हाला जो राग आला, काहीतरी ऐन वेळी हातातून काढून घेतल्याचा, तोच बेलला आलाय, त्याच सेकंदाला. फक्त तो तुमच्यासारखा शिव्या देत नाही, टोपी काढतो. ज्यांना हा राग येतच नाही, जे पहिल्याच वेळी मान डोलावत "वा, काय अँटी-क्लायमॅक्स" म्हणतात, त्यांच्याबद्दल मला जास्त शंका येते. आणि जरा आठवा, सिनेमाची सुरुवात कोणाच्या आवाजाने होते? उजाड माळाचे शॉट्स आणि त्यावर बेलचा आवाज, जुने शेरीफ कसे होते वगैरे. शेवटचा आवाजही त्याचाच. मधे मॉस एवढा आवडला की गोष्ट त्याची आहे असं आपणच ठरवून टाकलं, कोएनांनी तसं कुठेच सांगितलं नव्हतं.

मारलं कोणी, हा दुसरा ठरलेला प्रश्न. शिगरने नाही, मेक्सिकन टोळीने. पत्ता कसा लागला? मॉसची सासू. बॅगा उतरवताना एक सुटाबुटातला सभ्य मेक्सिकन गृहस्थ मदतीला येतो आणि ही बाई बोलता बोलता आम्ही एल पासोला चाललोय हे सांगून मोकळी होते. सीन हसण्यावारी जातो, हॉलमध्ये लोक खरंच हसतात, आणि दहा मिनिटांनी तेच लोक विचारतात की त्यांना कळलं कसं. सासूवर एवढा मोठा खटला कुठल्याच सिनेमाने इतका गुपचूप भरला नसेल.

आता एक किस्सा. सोसायटीतल्या पहिल्या स्क्रीनिंगला एक निवृत्त फौजदार आले होते, आमच्याच आळीतले, सगळे त्यांना काकाच म्हणतात. सिनेमात बेल आणि त्याचा पोरगेला डेप्युटी मॉसच्या घरी जातात, शिगर नुकताच तिथून गेलेला, दुधाच्या बाटलीवर अजून दव. बेल शांतपणे सोफ्यावर बसतो, ग्लासात दूध ओततो आणि पितो. काका अंधारातच मोठ्याने म्हणाले, "अरे दूध प्यायला की हो हा! पुरावाच पिऊन टाकला!" अख्खा हॉल हसला. पडद्यावरही गंमतच आहे म्हणा, डेप्युटी म्हणतो वायरलेसवर कळवायला हवं, तर बेल विचारतो, काय कळवायचं, नुकतंच दूध प्यायलेल्या माणसाला शोधतोय म्हणून?

पण सिनेमा संपल्यावर काका गप्प. बाहेर चहाला उभे राहिलो तेव्हा मी विचारलं, काका, आवडला नाही का. म्हणाले, "आवडायचं काय त्यात. फोन यायचा, गाडी मिळायची, ड्रायव्हर सापडायचा, आणि आम्ही पोचेपर्यंत सगळं झालेलं असायचं. गर्दी तेवढी असायची. तीस वर्षं हेच बघितलं, ते परत पैसे देऊन कशाला बघायचं?" (पैसे घेतले नव्हते, वर्गणीतलं स्क्रीनिंग होतं, पण मी बोललो नाही.) सिनेमा न आवडलेल्या माणसाने त्याबद्दल इतकं नेमकं बोललेलं मी परत ऐकलं नाही. दुसऱ्या स्क्रीनिंगला काका आले नाहीत.

पोरांचं उलटं. वीस-बावीसची पोरं शिगरच्या प्रेमात. ते केस, तो आवाज, ते नाणं. बरं ते केस आले कुठून, तर १९७९ सालच्या एका फोटोवरून, कुंटणखान्यात बसलेल्या एका गिऱ्हाईकाचा फोटो होता तो. आणि बार्देम स्वतः कोएनांना म्हणाला होता म्हणे की मला गाडी चालवता येत नाही, इंग्रजी धड येत नाही आणि मारामारीचा तिटकारा आहे, त्यावर ते म्हणाले म्हणूनच तुला घेतोय. माझ्या वर्गातल्या एकाने ते नाणं डीपीला लावलं होतं, "तत्त्वाचा माणूस आहे सर तो." मी म्हटलं बाळा, मग तू कार्ला जीनचा सीन बघताना मोबाईलवर होतास.

कार्ला जीन म्हणजे मॉसची बायको, केली मॅकडोनाल्ड. आईला पुरून घरी येते तर खोलीत शिगर बसलेला. नाणं काढतो, बोल म्हणतो. कादंबरीत ती बोलते आणि हरते. सिनेमात नाही बोलत. नाण्याचा काही संबंध नाही, ठरवणारा तूच आहेस, असं तोंडावर सांगते. अख्ख्या सिनेमात त्याचं तत्त्वबित्त्व बाजूला काढून फेकणारी ही एकटी बाई, हातात काही नाही, नवरा गेलेला, आई गेलेली. मग कट, घराबाहेर, शिगर ओट्यावर येतो आणि बुटांचे तळवे तपासतो. रक्त लागलंय का बघतो. बस. इथेही मरण दाखवलं नाही, पण इथे कोणी तक्रार करत नाही, गंमत आहे की नाही? कारण बूट बघितल्याबरोबर आपल्याला कळतं, आणि मॉसच्या वेळी कळायला वेळ लागला म्हणून आपण चिडलो. त्यानंतर लगेच हिरवा सिग्नल असताना त्याच्या गाडीला दुसरी गाडी ठोकते, हाड बाहेर. तत्त्वाच्या माणसाला कोणी छापा-काटा विचारला नाही.

पैशांचं विचाराल तर सिनेमा सांगत नाही, खुणा ठेवतो. एल पासोच्या खोलीत बेल रात्री परत जातो तेव्हा एसीच्या झडपेची जाळी काढलेली, स्क्रू जमिनीवर आणि बाजूला एक नाणं. म्हणजे शिगर आधी येऊन गेला. अपघातानंतर तो सायकलवाल्या पोराला शर्टाचे पैसे म्हणून शंभराची नोट देतो, आणि ती पोरं तिथेच वाटणीवरून भांडायला लागतात. बेल खोलीत परत गेला त्या रात्री शिगर दाराआड होता की नव्हता यावर लोक तासन् तास भांडतात. कुलूपाच्या पितळी भोकात प्रतिबिंब हलतं, अंधारात उभा शिगर दिसतो, बेल आत शिरतो तर कोणी नाही, बाथरूमची खिडकी आतून बंद. माझं मत विचाराल तर तो बेलच्या डोक्यात होता. पण माझ्याच वर्गात यावरून दोन पोरींचं आठवडाभर बोलणं बंद होतं, तेव्हा शपथेवर सांगणार नाही.

सिनेमा निर्दोष आहे असंही नाही. वुडी हॅरेल्सनचा कार्सन वेल्स, म्हणजे शिगरच्या मागे लावलेला भाडोत्री माणूस, मला कधीच पटला नाही, शिगर किती भयंकर आहे हे आपल्याला सांगण्यापुरताच आणलाय, जे आपण आधीच बघितलंय. बेलचा अपंग काका एलिसचा सीनही पहिल्या वेळी जडच जातो, रंगायच्या वेळी दोन म्हातारे स्वयंपाकघरात बसून बोलतात. पण जुन्या काळी सगळं बरं होतं हे बेलचं रडगाणं तो म्हातारा एका जुन्या खुनाची गोष्ट सांगून मोडीत काढतो, ही जमीन पहिल्यापासून अशीच आहे म्हणतो, तेव्हा तो सीन काढता येत नाही.

आणि स्वप्नं. पहिल्यात वडिलांनी दिलेले पैसे हरवतात. दुसऱ्यात थंडीत, डोंगरातल्या खिंडीतून वडील घोड्यावरून पुढे निघून जातात, शिंगात विस्तव घेऊन, पुढे कुठेतरी जाळ करून बसतील म्हणून. मग जाग आली, म्हणतो. बायको समोर बसलीये, तिच्या चेहऱ्यावर काही नाही, आणि घड्याळाची टिकटिक. अर्थ विचारू नका, प्रत्येक वेळी वेगळा लागतो, वडील गेल्यापासून तर मला तो सीन मिक्सिंगच्या कानाने ऐकताच येत नाही.

परत बघणार असाल तर पूर्ण नका बघू. टीव्हीच्या स्पीकरवर तर नकोच, हेडफोन लावा, घरातला पंखा बंद करा. हॉटेलचा सीन लावा, मॉस गड्डी उपसायला लागतो तिथून. तो संपला की सरळ एल पासोवर जा, बेल गाडीत आहे तिथे. मधलं काही नको. गोळ्यांचे आवाज दोन्हीकडे किती लांबून येतात तेवढंच ऐका, आणि मग परत येऊन शिव्या घाला.